नानासोंची हलकी लेन्स

दाजीपूरच्या अभयारण्यात जाऊन गव्याचा फोटो काढायचा, असं नानासो गडद्यांनी नक्की केलं. दुसऱ्या एखाद्याने आधी रजेचा अर्ज लिहिला असता. नानासोंनी आधी वजनकाटा पुसून घेतला.

त्याचं असं होतं की नानासो कुपवाडच्या एका पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि चौदा वर्षं स्टोअर सांभाळल्यावर माणसाचा डोळ्यांवरचा विश्वास उडतो. हजार वॉशर मागायला कोणी आलं तर ते मोजून देत नसत, तोलून देत. घरी आणलेली मेथीची जुडीसुद्धा दोन्ही हातांत झुलवून तिचं वजन सांगत, आणि त्यांच्या बायकोने, सुलाबाईंनी, कितीही नाक मुरडलं तरी ते दोन-पाच ग्रॅमच्या पलीकडे चुकत नसे. हा गुण थट्टेचा नव्हे. एवढ्या बारकाईने काम करणारी माणसं जिल्ह्यात मोजकीच असतील, आणि त्यातली बरीचशी कारखान्याच्या बाहेर कुणाला माहीत नसतात.

गव्याच्या फोटोचं वेड त्यांचं स्वतःचं नव्हतं. ते त्यांच्या आईचं, हरणाबाईंचं होतं. गडदे मूळचे जतच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले, मेंढरं राखणारे. नानासोंचे वडील जोतिबा दर साली कळप घेऊन घाट उतरून कोकणात जात आणि पावसाआधी परत येत. एका वर्षी ते परत आले ते गवा बघूनच. म्हशीपेक्षा दांडगं, काळंभोर जनावर, आणि चारी पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे! गावाने तोपर्यंत मोजे पाहिले होते ते फक्त तहसील कचेरीतून पाहणीला येणाऱ्या साहेबाच्या पायांत. ते जनावराच्या पायात आहेत म्हटल्यावर गाव जे हसलं, ते जोतिबा जिवंत असेपर्यंत हसत राहिलं. त्यांचं नाव ‘मोजेराव’ पडलं. लग्नाच्या पंगतीत त्यांना विचारत, ‘काय मोजेराव, गव्यानं बूट बी घातलं हुतं का?’ शेवटी शेवटी तो बिचारा माणूस गव्याचं नावसुद्धा काढीनासा झाला. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि यंदाच्या दसऱ्याला हरणाबाई एकाएकी म्हणाल्या, “नाना, तुज्याकडं त्यो फोटूचा डबा हाय न्हवं? मला गव्याचं पाय दाव एकदा.”

म्हातारीने आयुष्यात लेकाकडे काही मागितलेलं नव्हतं. नानासोंनी त्याच दिवशी काम हातात घेतलं.

डबा म्हणजे रशियन कॅमेरा. तो नानासोंनी साताऱ्याच्या नाथाजींकडून जुना घेतला होता. नाथाजींचा राजपथावर स्टुडिओ होता, आणि साताऱ्यातल्या निम्म्या नवरा-नवरींना त्यांनी मान डावीकडे वळवायला लावली होती. जंगलात ते जन्मात गेले नव्हते, पण जंगलातल्या फोटोबद्दल त्यांची मतं फार ठाम होती. त्यांनी कपाटातून तीन लेन्सा काढून काचेच्या टेबलावर ओळीने मांडल्या. एक तीनशे मिलीमीटरची, एक दोनशेची, एक एकशेपस्तीसची.

“तीनशेची न्या,” नाथाजी म्हणाले. “गव्याच्या डोळ्यातलं पाणी दिसेल.”

“वजन किती?”

“वजन?” नाथाजींना हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. “अहो, लेन्स आहे ती. बटाटे आहेत का?”

नानासो तिन्ही लेन्सा धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून कुपवाडला घेऊन आले, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्या काट्यावर ठेवल्या. तीनशेची एक किलो सहाशे. दोनशेची नऊशे ऐंशी. एकशेपस्तीसची अवघी तीनशे पंच्याहत्तर. रानात दोन दिवस पायी हिंडायचं, चढ-उतार करायचे, म्हणजे तीनशेच्या जागी एकशेपस्तीसची घेतली तर एक किलो दोनशे पंचवीस ग्रॅम अंगावरून उतरतात. कागदावर हे इतकं स्पष्ट होतं की दुसऱ्या कुणी तिथेच थांबून डबा उघडून जेवायला घेतलं असतं. पण कागदावरचा माल आणि प्रत्यक्षातला माल यांत फरक पडतो हे स्टोअरकीपरला कोण शिकवणार?

म्हणून नानासोंनी लागोपाठ तीन रविवार सांगलीहून साताऱ्याला जाऊन अजिंक्यतारा चढला. पहिल्या रविवारी तीनशेची गळ्यात, दुसऱ्या रविवारी दोनशेची, तिसऱ्या रविवारी एकशेपस्तीसची. चढताना दर शंभर पावलांनी थांबून ते नाडी मोजत आणि वहीत लिहीत. गडावर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या पेन्शनर मंडळींना पहिल्या रविवारी वाटलं की हे हृदयविकाराचे पेशंट आहेत. दुसऱ्या रविवारी त्यांतल्या एकाने त्यांना लसूण खायला सांगितलं. तिसऱ्या रविवारी दुसऱ्या एकाने सोबत बसून स्वतःची नाडी मोजून घेतली, ती नानासोंपेक्षा चांगली निघाली, आणि हे नानासोंना परतीच्या एस.टी.त कऱ्हाडपर्यंत लागून राहिलं होतं.

तिन्ही रविवारांचं तात्पर्य एकच निघालं. एकशेपस्तीसची.

पण शेजारी सुभेदार हंबीरराव राहत होते. ते मूळचे कुंडलचे, बावीस वर्षं पलटणीत काढून निवृत्त झालेले, आणि चाळीत कुणीही कुठेही निघालं की त्याची पाठपिशवी तपासायचा आपल्याला हक्क आहे असं मानणारे. त्यांनी एकशेपस्तीसची हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली.

“हे हत्यार न्हवं, नानासो. हे खेळनं हाय. हलकं असलं की हातात थरथरतंय बगा. जड घ्या जड. छातीला लावली की हलत न्हाई.”

“सुभेदार, पण डोंगर चढायचाय.”

“मग चढा की! आमी नेफात, चीनच्या हद्दीवर, मनभर वजनाला डोंगर चढलाव. तक्रार केली का कवा?” असं म्हणून त्यांनी नेफातल्या डोंगराची हकिगत सुरू केली, ती पाऊण तास चालली, आणि तिच्यात ते मणभर वजन शेवटी दीड मण झालं. नानासो शांतपणे ऐकत होते. तोलल्याशिवाय वजन वाढलेलं त्यांना आवडत नसे, पण माणसाचं मन ते मोडत नसत.

मग आला पास. अभयारण्यात शिरायला वनखात्याचा पास लागतो आणि पासाला अर्ज लागतो. नानासोंनी सवयीप्रमाणे अर्जासोबत सामानाची पुरती यादी जोडली. तिच्यात तिन्ही लेन्सा लिहिल्या, कारण निवड झाली तरी नोंद पूर्ण असावी. इथेच त्यांचा घात झाला. कचेरीतल्या कारकुनाने यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचली.

“हे तीनशे मिलीमीटर काय आहे?”

“लेन्स आहे.”

“पोलिसांच्या रायफलीची नळी किती मिलीमीटरची असते ठाऊक आहे? सात पूर्णांक बासष्ट. आणि तुम्ही तीनशेची घेऊन अभयारण्यात निघालात?”

नानासोंनी समजावलं की हे मिलीमीटर वेगळे. कारकून म्हणाला की सरकारी मिलीमीटर एकच असतो. ती वस्तू शस्त्र नाही याबद्दल जाणकार माणसाचा दाखला आणा. जाणकार म्हणून नानासो दुसऱ्या दिवशी सुभेदारांना घेऊन गेले. सुभेदार छातीवर पदकं लावून आले, त्यांनी यादी हातभर लांब धरून वाचली आणि कारकुनाला खड्या आवाजात सांगितलं, “सायेब, तीनशेची तर आमच्या तोफखान्यात बी न्हवती.” त्यांना म्हणायचं होतं की एवढी मोठी बंदूक असूच शकत नाही. कारकुनाने तेवढंच वाक्य लिहून घेतलं आणि खाली सुभेदारांची सही घेतली.

चार खेपा झाल्या. शेवटी कारकुनानेच मार्ग काढला. तीनशेची आणि दोनशेची यांवर लाल रेघ मारली आणि ‘त्यातल्या त्यात लहान असल्याने’ एकशेपस्तीसला परवानगी दिली. नानासोंनी तीन रविवार छाती फोडून जे शोधलं होतं, ते सरकारने रेघ मारून शोधलं. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण निर्णय बरोबर होता आणि बरोबर निर्णय कुणीही घेतला तरी तो बरोबरच, असं म्हणून ते पास घेऊन घरी आले. असं म्हणायला मोठं मन लागतं.

निघायच्या आदल्या दिवशी पिशवी भरली. नानासोंनी कॅमेऱ्याचं चामड्याचं घर काढून ठेवलं, तेवढेच दोनशे ग्रॅम. टॉवेलाऐवजी पंचा घेतला. पिशवी उचलून पाहिली तर ती अशी हलकी लागत होती की त्यांनी ती उगीचच दोनदा उचलली.

आणि तेवढ्यात भामाबाई आल्या. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या. त्यांच्या हातात नारळ होता.

“भावजी, त्या रानात देवी हाय म्हनं जागृत. माज्या नावानं एवढा वाडवा. थोरलीचं लगीन जमंना झालंय.”

नानासो फोटो काढायला निघाले होते, देवीला नव्हे. पण माणूस देवीच्या वाटेने निघालेला असताना शेजारणीचा नारळ परत करणं आपल्याकडे कुणालाही जमलेलं नाही. त्यांनी घेतला. मग चाळीतल्याच मनुबाई नारळ आणि खणाची ओटी घेऊन आल्या. मग सुभेदारांनी दोन आणले, एक स्वतःचा आणि एक कुंडलच्या भावाचा. मग कारखान्यातल्या फोरमनचा आला. पाचव्या नारळानंतर नानासोंनी तोलायचं सोडून नुसतं मोजायला सुरुवात केली. सगळे मिळून अकरा झाले, आणि शिवाय दिव्याचं तेल.

सुलाबाई हे सगळं बघत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या त्या शिदोरी घेऊनच. बाजरीच्या चोवीस भाकऱ्या, शेंगांची चटणी, धपाटी, एक डबा बेसनाचे लाडू.

“अगं, दोनच दिवस जातोय मी.”

“आवं, वाटाड्या असंल, गार्ड असंल. लोकाम्होरं एकट्यानं खानार का तुमी?”

नानासोंनी पिशवी काट्यावर ठेवली. तेरा किलो चारशे. मग त्यांनी पिशवीतून लेन्स काढली, हातात धरली आणि परत ठेवली. काढून टाकण्यासारखं तिच्याइतकं हलकं त्या पिशवीत दुसरं काहीच नव्हतं, आणि काढता न येण्यासारखीही तेवढी तीच होती.

कोल्हापूर, राधानगरी आणि मग धुळीने माखलेली शेवटची गाडी, असं करत नानासो दाजीपूरला पोचले. वाटाड्या म्हणून अर्जुना भेटला. तिथल्याच धनगरवाड्यावरचा, पन्नाशीचा, चिवट आणि काटक. त्याने पास पाहिला नाही. पिशवी उचलून पाहिली.

“साहेब, धोंडं भरल्यात का ह्येच्यात?”

“नारळ आहेत. देवीचे.”

“मग बराबर,” अर्जुना म्हणाला आणि पुढे चालू लागला.

देवीचं ठाणं दीड तासावर होतं. चढावर नानासोंच्या मनात एकच आशा होती की अकरा नारळ एकदा वाढवले की पाठ मोकळी. पण त्यांना हे सुचलं नव्हतं की वाढवलेल्या नारळाची एक वाटी देवीपुढे राहते आणि दुसरी प्रसाद म्हणून ज्याची त्याला पोचवायची असते. अकरा वाट्या, कुणाची कुठली ते ओळखू यावं म्हणून वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, नानासोंनी परत पिशवीत भरल्या. भामाबाईंच्या थोरलीचं लग्न त्यांच्या निष्काळजीपणामुळे अडायला नको होतं. एवढं कोण करतं हो दुसऱ्याच्या पोरीसाठी?

दुपार कलताना गवे दिसले. अर्जुनाने हात वर केला, आणि समोरच्या उतारावर वाळल्या गवतात काळे डोंगर हलत असावेत तसं काहीतरी हललं. सात होते. वडिलांनी सांगितलेलं जनावर ते पहिल्यांदा बघत होते, आणि वडिलांनी ते कमीच करून सांगितलं होतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि फोटो काढत सुटले. शिंगं काढली, पाठी काढल्या, कान काढले. पस्तिसाव्या फोटोला त्यांच्या ध्यानात आलं की एकातही पाय नव्हते. गवत गव्यांच्या पोटापर्यंत होतं.

रोल छत्तीसचा. एकच फोटो राहिला.

“अर्जुना, हे गवतातनं बाहेर कधी येतील?”

“आंधार पडल्याव.”

“त्या आधी?”

“त्येंच्या मनात आलं तर.”

नानासो अर्धा तास दबून बसले. गवे चरत होते. उन्हं उतरत होती. गवताच्या खाली उघडा कातळ होता, लांबरुंद, एक काडी न उगवलेला. गवे त्याच्यावरून चालले असते तर! तीन रविवारांचा अजिंक्यतारा, चार खेपांचा पास, पाठीवरच्या अकरा वाट्या, सगळं त्या हातभर गवताने फुकट जाणार होतं. आणि घरी आई दारात बसलेली असणार होती. काहीच न बोलता ती फोटो मागणार होती, आणि शिंगं बघून ‘झ्याक हाय’ म्हणून परत देणार होती. ते त्यांना सहन होईना.

पुढे जे झालं ते नानासोंनी ठरवून केलं नाही. कारखान्यात त्यांना सगळे ‘स्टोअरसाहेब’ म्हणत, आणि आपण मेंढरांमागे वाढलो हे ते कुणाला सांगायला जात नसत. पण जनावर नको तिथे अडून बसलं की काय करायचं हे त्यांच्या अंगात वयाच्या सहाव्या वर्षी गेलेलं होतं. ते उभे राहिले, जीभ टाळूला लावली, आणि त्यांच्या तोंडून वडिलांचीच हाळी बाहेर पडली. “ड्रुर्रर्र! हाऽऽ हा! हिर्रर्र!”

अर्जुना जागेवरच खाली बसला. “आवं साहेब! ती म्हसरं हाईत व्हय?”

सातही माना वर झाल्या. एक क्षण काहीच हललं नाही. मग म्होरक्या वळला, आणि अख्खा कळप गवतातून दणदणत खाली कातळावर उतरला, तो नेमका यांच्याच बाजूने. पंधरा पावलांवरून तो म्होरक्या धावत गेला. जमीन हलत होती. नानासोंना एवढंच आठवत होतं की आईला पाय पाहिजेत. त्यांनी कॅमेरा खाली वळवला आणि बटण दाबलं.

धूळ बसल्यावर अर्जुना उठला, अंग झाडलं आणि नानासोंच्या जवळ आला.

“साहेब, तुमी कुनाचं?”

“जतकडचा. मेंढक्याचा पोरगा.”

“मग आदी सांगायचं की!” असं म्हणून त्याने नानासोंच्या पाठीवरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि गाडीच्या थांब्यापर्यंत परत दिली नाही.

रोल धुतला नाथाजींनी. छत्तिसाव्या फोटोचा मोठा कागद पाण्यातून काढून त्यांनी दोरीला लावला आणि डोक्याला हात लावला.

“गडदे, मुंडकं कुठाय?”

फोटोत मुंडकं नव्हतं. शिंगं नव्हती, वशिंड नव्हतं. काळ्या पोटाची खालची कड होती, आणि तिच्याखाली कातळावर टेकलेले चार पाय.

“तीनशेची न्या म्हणालो होतो,” नाथाजी म्हणाले, आणि स्टुडिओचा शिक्का मागे मारू की नको असं त्यांनी दोनदा विचारलं. सांगलीत सुभेदारांनी फोटो पाहिला आणि शत्रू पळाला, बूट तेवढे घावले असा शेरा दिला. सुलाबाईंनी पदराने तोंड झाकलं. नानासोंचे कान लाल झाले होते.

हरणाबाईंनी फोटो खिडकीपाशी नेला. डोळ्यांजवळ धरला. मग बोटाने एकेक पाय मोजला. चारी पाय खुरापासून गुडघ्यापर्यंत पांढरे होते, जसे काही आत्ताच धुऊन चढवलेले.

“आये, मुंडकं राह्यलं,” नानासो म्हणाले.

“मुंडक्याला काय करायचंय?”

नानासोंच्या जिवात जीव आला. “मग रविवारी गावाकडं जाऊ. पारावर फोटू ठेवू, आन् समद्यास्नी दावू. बाऽला हसली हुती न्हवं? आता बघू कोन हसतंय.”

हरणाबाई फोटोवरून नजर न काढता म्हणाल्या, “गावाला कशाला? गाव मागनं हसलं रं. आदी म्या हसले.”

नानासोंना कळेना.

“तुजा बा घाट चढून आलेला. खांद्यावरचं घोंगडं बी उतरलं न्हवतं, आन् चुलीम्होरं बसून मलाच पैल्यांदा सांगत हुता. लय खुशीत हुता. म्या हसले. पान्याला गेले तवा बायांस्नी म्याच सांगितलं. मोजेराव ह्ये नाव म्याच काडलं, नाना. त्येला ते कवा कळलं न्हाई. का कळलं हुतं, कुनास ठावं.”

सुभेदारसुद्धा गप्प होते, आणि ते सोपं नव्हे.

हरणाबाई उठल्या, देवापुढच्या डबीतला भंडारा चिमटीत घेतला आणि फोटोतल्या चारी पायांना एकेक करून लावला. नाथाजींचा चकचकीत कागद पिवळा होऊन गेला. मग त्यांनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला, त्याच्यापुढे डोकं टेकलं, आणि नवऱ्याशी बोलायच्या आवाजात म्हणाल्या, “आवं, मोजं हुतं. चुकलं माजं.”